बाटलीत कपभर पाणी टाकता, ते जातं कुठे? जुन्या व्हॅनच्या कूलंटची प्रश्नोत्तरे

उन्हाळा लागला की ओम्नी आणि ईकोवाल्यांची पत्रं वाढतात. मजकूर बहुधा एकच असतो: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) थोडं कमी होतं, मिस्त्री म्हणतो चालतं. म्हणून या खेपेला ती सगळी एकत्र घेतली आहेत.

हिरवं कूलंट मिळालं नाही. लाल टाकलं तर चालेल का?

रंग म्हणजे फक्त डाय, त्यावरून जात कळत नाही. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ (कूलंटची भारतीय आणि जपानी मानकं) लिहिलेलं आहे का बघा आणि गाडीच्या मॅन्युअलशी जुळवा. आत आधी काय भरलंय ते ठाऊक नसेल तर मिसळू नका, सगळं काढून एकच भरा.

एसी लावून थांबलो की गाडीखाली थेंब पडतात. कूलंट असेल का?

रंग, वास, चिकटपणा नसेल तर एसीचं पाणी आहे. पांढऱ्या कागदावर थेंब घेऊन बघा, चाखून नव्हे. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं.

माझी २०१३ ची ओम्नी आहे. दर पंधरवड्याला कूलंटच्या बाटलीत कपभर पाणी टाकावं लागतं. खाली डाग नाही, तापमानाचा काटा मध्यावर असतो. मिस्त्री म्हणतो, जुनी गाडी थोडं पिणारच. असंच भरत राहिलो तर काय बिघडलं?

इंजिन पेट्रोल जाळतं, जुनं झालं की थोडं ऑइलही जाळतं. कूलंट मात्र बंद फेऱ्यात फिरतं, त्याला संपायला काही कारणच नाही. बाटलीला हवेचं भोक असतं. त्यातून वर्षभरात पातळी बोटभर उतरली तर ती वाफ समजा. पंधरवड्याला कप ही गळतीच. कप दीडशे मिलीचा धरला तरी वर्षाला जवळपास चार लिटर होतात, म्हणजे एवढ्याशा इंजिनातलं बहुतेक कूलंट तुम्ही वर्षभरात साध्या पाण्याने बदलून टाकलंत. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, ती प्रत्येक कपासरशी पातळ होत जातात. मग इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) आतून गंजून खायला लागतं, कूलंट फिरवणाऱ्या पंपाचं सील झिजतं आणि एका गळतीच्या दोन होतात. 'थोडंसंच' या शब्दाने जितकी इंजिनं उघडायला लावली असतील, तितकी एखाद्या मोठ्या गळतीने लावली नसतील. मोठी गळती दिसते, म्हणून माणूस थांबतो.

काट्यावरही विसंबू नका. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडलेला असेल तरच खरं सांगतो. पातळी त्याच्या खाली गेली की तो वाफेत किंवा हवेत लटकतो आणि काटा मध्यावर, कधी तर खालीच दिसतो. हेड तेव्हा भाजत असतं.

डाग नाही याचंही नवल नाही. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. थेंब गरम सायलेन्सर पाइपवर पडला तर जमिनीवर पोचायच्या आधीच उडून जातो आणि मागे फक्त पांढरट किंवा हिरवट खरपुडी राहते. शोधायची ती.

आधी मोजा. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, सपाट जागी, रोज त्याच ठिकाणी. बाटलीवर मार्करने रेघ मारा. रेघेपर्यंत भरायला किती मिली लागले ते इंजेक्शनच्या सिरिंजने किंवा औषधाच्या मापाने मोजा आणि किलोमीटरसकट वहीत लिहा. ५०० किलोमीटरमागे किती जातं हा आकडा हातात असेल तर गॅरेजवाला तुम्हाला 'चालतं' म्हणून परत पाठवू शकणार नाही.

मग, इंजिन पूर्ण थंड असतानाच, रेडिएटरची टोपी काढून आत बघा. इथे बरेच जण फसतात. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं होऊ शकतं. टोपीत दोन झडपा असतात. एक झडप दाब वाढला की कूलंट बाटलीत सोडते, दुसरी झडप गाडी थंड झाली की ते परत ओढून घेते. दुसरी अडकली, किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी चिरली, तर कूलंट बाहेर जातं, परत येत नाही. टोपीचं रबर कडक झालं असेल, चिरलं असेल तर टोपी बदला. जुन्या टोपीवर ०.९ (हा दाबाचा आकडा) लिहिलं असेल तर ०.९ चीच घ्या. 'जास्त दाबाची घ्या, गाडी थंड राहील' हा दुकानदाराचा सल्ला जुन्या होसच्या (रबरी नळ्यांच्या) जिवावर उठतो.

टोपी ठीक असेल तर टॉर्च घेऊन हे बघा: वरच्या आणि खालच्या होसची टोकं, क्लॅम्पखालचा भाग, थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणाऱ्या झडपेच्या) कव्हरचा सांधा, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीचा जोड, वॉटर पंपाखालचं बारीक भोक. त्या भोकातून ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलं. त्याला क्लॅम्प नाही, चिकटपट्टी नाही, पंपच बदलायचा. हीटर असेल तर पायाखालचा गालिचा चाचपा. तो ओलसर, काच आतून धुरकट आणि गोडसर वास, असं असेल तर हीटरची जाळी गळतेय. होस थंड असताना दाबा. कुरकुरला किंवा लिबलिबीत लागला तर बदला. क्लॅम्प आवळून आवळून फाटायची वाट बघू नका.

इतकं करूनही सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर असलेल्या गॅरेजमध्ये जा. थंड इंजिनावर हातपंपाने टोपीवर लिहिलेल्या आकड्याइतका दाब भरायचा, वर जायचं नाही, आणि १५ मिनिटं काटा बघायचा. काटा उतरला आणि बाहेर कुठे ओल नाही, तर गळती आत आहे. तिथून पुढे स्वतः हात घालू नका.

सीएनजी किट बसवल्यापासून पाणी कमी होतंय. किटवाला म्हणतो, किटचा काय संबंध?

संबंध आहे. दाब उतरताना गॅस थंड पडतो, म्हणून रिड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारा भाग) गोठू नये यासाठी इंजिनाचं गरम कूलंट त्यातून फिरवतात. त्यासाठी मूळ होस कापून टी-जोड घातलेले असतात. चार-सहा नवे क्लॅम्प म्हणजे गळायच्या चार-सहा नव्या जागा. आधी तेच तपासा. बसवताना हवा नीट काढली नसेल तर पहिल्या काही दिवसांत पातळी एकदा-दोनदा उतरते. ती तिथे थांबली पाहिजे.

रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत असतील तर ते हेड गॅस्केट (हेडखालचं चपटं सील) गेल्याचेच असतात असंही नाही. रिड्यूसरमधलं गॅस्केट किंवा पडदा गेला तर गॅस कूलंटमध्ये शिरू शकतो. गाडी पेट्रोलवर घेऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केल्यावर बुडबुडे थांबले, तर संशय रिड्यूसरवर. तो घरी उघडायचा नाही. व्हॉल्व्ह बंदच ठेवा आणि अधिकृत किट सेंटरला दाखवा.

रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती थांबते म्हणतात. दुकानात सीलर पावडरही मिळते. कोणती बरी?

दोन्ही नकोत. हळद, अंड्याचा पांढरा बलक, सीलर, सगळ्यांचं काम एकच: भोकात जाऊन अडकणं. पण गळतीचं भोक कोणतं आणि रेडिएटरची बारीक नळी कोणती, हे पावडरीला कळत नाही. हीटरची जाळी आणि सीएनजीच्या रिड्यूसरच्या वाटा आधी तुंबतात. आडरानात अडकलात आणि गाव गाठायचं आहे, तर दर काही किलोमीटरला थांबून, थंड होऊ देऊन पाणी भरत जा. पावडरीपेक्षा ते स्वस्त पडतं. डब्यावर 'कायमस्वरूपी उपाय' लिहिलं असेल तर तो डबा दुकानातच राहू द्या. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला डाग (सोल्डर) देता येतो. प्लॅस्टिक टाकीच्या ॲल्युमिनियम रेडिएटरला नाही, तो बदलायचा.

बोअरचं पाणी चालेल? बाटलीबंद मिनरल वॉटर?

नाही आणि नाही. बोअरच्या पाण्याने भांड्याला बसतो तोच क्षार आत बसतो. डिस्टिल्ड पाणी, तेही कूलंट कॉन्सन्ट्रेट (पाणी मिसळून वापरायचं) असेल तरच, डब्यावरच्या प्रमाणात. 'रेडी टू यूज' लिहिलेल्यात थेंबभरही मिसळायचं नाही.

महाबळेश्वरला चढताना बाटलीतून पाणी उसळलं. सपाटीवर काहीच होत नाही. मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगितलंय.

थर्मोस्टॅट काढू नका, टोपी तपासा. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे, तिथे उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. ०.९ ची धड टोपी असेल तर आतला दाब साध्या पाण्यालाही ११५ अंशांपर्यंत उकळू देत नाही. टोपी ढिली पडली की ही सगळी सवलत जाते आणि ते घाटातच आधी कळतं. टोपीनंतर पंख्याचा आणि रेडिएटरच्या बाहेरच्या जाळीत बसलेल्या चिखलाचा नंबर लावा.

थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट तापत नाही, फ्युएल इंजेक्शनची गाडी जास्त पेट्रोल टाकत राहते आणि सीएनजी असेल तर रिड्यूसर गार पडतो. संशय असेल तर तो पाण्याच्या भांड्यात दोऱ्याने लटकवून गरम करा. त्याच्यावर कोरलेल्या अंशाला, बहुधा ८२ च्या आसपास, उघडायला लागला तर तो निर्दोष. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. आणि घाटात उसळलं तर टोपीला हात लावायचा नाही. एसी बंद, हीटर असेल तर पूर्ण गरम, बाजूला थांबून किमान अर्धा-पाऊण तास. सीट उचलून वाकून बघायची घाईही नको, वाफ थेट तोंडावर येते.

शाळेची व्हॅन चालवतो. गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट गेलं. ऑइलच्या टोपीला पांढरा फेस आहे. मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत ढकलता येईल का?

आधी तो खरं सांगतोय का ते बघा. छोट्या छोट्या फेऱ्यांच्या गाडीत टोपीखाली फेस नुसत्या दमटपणानेही जमतो. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढा. तिच्यावरचं ऑइलही दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी, मग गाडी सुरूसुद्धा करू नका. ऑइल स्वच्छ असेल तर पुढच्या खुणा बघा: थंड इंजिन सुरू करताच मिनिटाभरात वरचा होस दगडासारखा होणं, तापल्यावरही थांबत नाही असा गोडसर वासाचा पांढरा धूर, एकच स्पार्क प्लग धुतल्यासारखा स्वच्छ. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये शिरलाय का ते दाखवणाऱ्या ब्लॉक टेस्टरचं निळं द्रावण पिवळं पडलं तर शंकेला जागा नाही. गॅरेजवाला ही चाचणी न करताच हेड उघडायला निघाला असेल तर दुसऱ्याला दाखवा.

गॅस्केट खरंच गेलं असेल तर ढकलायचं नाही. आज गॅस्केट बदलण्यावर आणि हेडचा तळ लेथवर सपाट करण्यावर भागतं, महिनाभर तापवल्यावर हेडच वाकतं. काम देताना एवढं ठरवून घ्या: हेड वाकलंय का ते सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) तपासायचं, तडा आहे का याची टेस्टिंग करायची, बोल्ट टॉर्क रेंचने (आवळायचा जोर मोजणाऱ्या पान्याने), मॅन्युअलच्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळायचे. 'हाताला अंदाज आहे' म्हणणाऱ्याकडे ठेवू नका. तोवर मुलांसाठी उद्यापासून दुसरी गाडी ठरवा आणि पालकांना आज रात्रीच कळवा.