जुन्या जॅझ रेकॉर्डसारखं अल्बम कव्हर स्वतः कसं करावं?

तुमची अडचण अशी की फोटो चांगला आहे, पण ‘व्हिंटेज’ फिल्टर लावूनही कव्हर १९६०च्या दशकातलं न वाटता नुसतं मळकट दिसतंय.

फिल्टर आधी काढून टाका. त्या कव्हरांचा देखणेपणा मोजक्या शायांमधून आला आहे, पिवळ्या पडलेल्या कागदातून नव्हे. ब्लू नोट या जॅझ रेकॉर्ड कंपनीसाठी डिझायनर रीड माइल्स यांनी १९५०-६०च्या दशकांत शेकडो कव्हरं केली. फोटो बरेचसे फ्रान्सिस वुल्फ यांचे. कितीतरी कव्हरांवर काळी शाई आणि जोडीला एकच रंग, बस. त्यामुळे फोटो कुठे कापला आणि अक्षर कुठे बसवलं, यावरच सगळी मदार. तुम्हीही तेच बंधन पाळा.

फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट चांगला वाढवा. त्या लेअरचा (थराचा) ब्लेंड मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळण्याची पद्धत, ‘मल्टिप्लाय’ ठेवा आणि खाली एकच सपाट रंग भरा; फोटोतल्या पांढऱ्या जागी तो रंग दिसतो. इथेच बहुतेकांचं बिघडतं: रंग गडद निळा किंवा मरून असेल तर चेहऱ्यावरच्या मधल्या छटा त्यात बुडतात. पिवळा, नारिंगी, फिकट निळा घ्या. गडदच हवा असेल तर फोटो पांढऱ्यावर राहू द्या आणि रंगाची वेगळी पट्टी करा.

फोटो कापताना हात आखडू नका. डोळा आणि वाद्यावरची बोटं राहिली, तर अर्धं कपाळ गेलं तरी चालतं. उरलेली जागा अक्षरांची. एकच जाड, सेरिफ (अक्षरांच्या टोकांच्या बारीक रेघा) नसलेला फॉन्ट घ्या आणि मुख्य शब्द बाकी मजकुराच्या निदान चौपट ठेवा. दीडपट-दुप्पट फरक चुकून झाल्यासारखा दिसतो. नाव देवनागरीत असेल तर इंग्रजीसारख्या ओळी चिकटवू नका, वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांत घुसतात. त्याऐवजी शिरोरेषा फोटोच्या खालच्या कडेला बरोबर टेकवा. मात्रा-वेलांट्या फोटोवर चढतात आणि फार सुंदर दिसतात. फक्त तिथे फोटो फिका हवा.

सायकेडेलिक, म्हणजे भडक, डोळे दिपवणाऱ्या रंगांच्या शैलीचाही विचार आहे म्हणता. तिची गंमत सारख्याच उजेडाचे विरुद्ध रंग, जसे लाल आणि हिरवा, शेजारी ठेवण्यात आहे; कडा थरथरल्यासारख्या वाटतात. मोबाइलवर मात्र त्यातलं नाव वाचता येत नाही, म्हणून तुमच्यासाठी मी ती सुचवणार नाही. अक्षरंच नकोत असं वाटलं तर जॉय डिव्हिजन या बँडच्या ‘अननोन प्लेझर्स’चं (१९७९) डिझायनर पीटर सॅव्हिल यांनी केलेलं कव्हर पाहा: एका पल्सारच्या (ठरावीक लयीत रेडिओलहरी पाठवणाऱ्या ताऱ्याच्या) स्पंदनांचा आलेख, काळ्यावर पांढऱ्या रेषा, समोर एकही शब्द नाही. अ‍ॅपमध्ये नाव शेजारी येतंच, त्यामुळे हा मार्ग नवख्यालाही खुला आहे.

ऑनलाइनसाठी ३००० × ३००० पिक्सेल, आरजीबी (पडद्यासाठीची रंगपद्धत), जेपेग फाइल. पाठवण्याआधी १५० पिक्सेलला लहान करून बघा. आकार २० पटींनी घटतो, म्हणजे १२० पिक्सेल उंचीचं अक्षर जेमतेम ६ पिक्सेल उरतं. पुढे १२ इंची रेकॉर्ड काढायची शक्यता असेल तर सुरुवातच ४००० पिक्सेलने करा. पाकीट साधारण ३१.५ सेंटिमीटरचं असतं, त्यात चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (छापल्यावर कापून टाकायची जादा कड) धरला की ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सुमारे ३८०० पिक्सेल लागतात. आणि छापखान्याला काळा व एक स्पॉट रंग (आधीच मिसळून तयार केलेली एकच शाई) असंच सांगा. चार रंगांत छापलं तर तो सपाट रंग ठिपक्यांनी बनतो आणि बारीक अक्षरांच्या कडा फुटतात.