दमाचा हिशेब आधी, नेमबाजाचा नंतर

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि बास्केटबॉलच्या सिम्युलेशन खेळातल्या (संगणकावर संघ चालवायच्या खेळातल्या) तुझ्या संघाचे तीन बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्यांचे आकडेतक्ते, मिळाले. तिन्ही सामन्यांत तिसऱ्या क्वार्टरअखेर तुझा संघ पुढे आहे आणि तिन्ही सामने तू गमावले आहेस. त्यावरून अटीतटीच्या क्षणी चेंडू सोपवता येईल असा नामांकित नेमबाज विकत घ्यावा, असे तुला वाटू लागले आहे. उत्तर तूच पाठवलेल्या कागदांवर असताना तू बाजार धुंडाळतो आहेस, याचे मला नवल वाटते. तुझा शूटिंग गार्ड, म्हणजे सध्याचा नेमबाज, तिन्ही वेळा 43 मिनिटांहून अधिक खेळला आहे. प्ले-बाय-प्ले, म्हणजे सामन्याची क्षणाक्षणाची नोंद, नीट वाच. पहिल्या क्वार्टरमध्ये सहज पडणारे त्याचे मधल्या अंतरावरचे शॉट शेवटच्या सहा मिनिटांत रिंगवर आपटून बाहेर येतात, आणि त्याच सहा मिनिटांत त्याचे दोन पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातात. त्याचे कौशल्य कुठेही गेलेले नाही, दम संपला आहे. मिनिटे मोज.

या सिम्युलेशन खेळांचे गणित बहुतेक ठिकाणी सारखेच चालते. मैदानावर असताना खेळाडूची ऊर्जा उतरत जाते, बाकावर ती भरून येते, आणि त्या क्षणी जितकी ऊर्जा उरली असेल त्या प्रमाणात त्याचे गुण कापले जातात. रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, दिसणारा आकडा ताज्यातवान्या खेळाडूचा असतो. समजा, नेमबाजी 90 असलेला तुझा गार्ड थकून आठ आणे-दहा आणे नव्हे, फक्त एक पंचमांश उतरला, तरी तो 72 चा होतो. बाकावरचा 75 चा ताजा मुलगा त्या मिनिटापुरता त्याच्याहून सरस असतो. हा साधा गुणाकार करायचा कंटाळा येतो म्हणून लोक खेळाडू विकत घेतात.

48 मिनिटांच्या सामन्यात पाच जागांची मिळून 240 मिनिटे होतात. पहिल्या पाचांना प्रत्येकी 40 दिलीस, तर साऱ्या राखीव खेळाडूंच्या वाट्याला 40 उरतात. 34 दिलीस, तर 70. नवा नेमबाज आणल्याने 240 ची 241 होणार नाहीत. उलट त्याच्या पगारापायी तू दोन कामाचे राखीव खेळाडू सोडशील आणि चौथ्या क्वार्टरमध्ये एकाऐवजी दोन दमलेले तारे घेऊन उभा राहशील. त्यात तुझा फुलकोर्ट प्रेस (प्रतिस्पर्ध्यावर मैदानभर दबाव) आणि वेगवान खेळाचा सोस! असा डाव खेळायचा असेल, तर आठ-नऊ जणांची फळी लागते.

‘बास्केटबॉल जीएम’ या सिम्युलेशन खेळात खेळाडूचे पंधरा गुण मोजले जातात आणि दम हा त्यांपैकी एक आहे, पण सगळ्यांची नजर एकूण गुणांकनावरच खिळते. ‘बझरबीटर’ या तशाच दुसऱ्या खेळात दम वाढवायचा तर त्या आठवड्याचे प्रशिक्षण त्यावर खर्चावे लागते, तेवढा आठवडा नेमबाजी वाढत नाही, म्हणून तो खर्च जिवावर येतो. तो कर.

तू एनबीएतल्या (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या) विल्ट चेंबरलेनचा दाखला दिला आहेस. 1961-62 च्या हंगामात त्याने, जादा वेळ धरून, सामन्यामागे सरासरी 48.5 मिनिटे खेळून दाखवली, हे खरे आहे. मात्र तुझ्या संघात चेंबरलेन नाही. त्यापेक्षा त्याच लीगमधला 2013-14 चा सॅन अँटोनिओ स्पर्स संघ पाहा: नियमित हंगामात त्यांच्या एकाही खेळाडूची सरासरी 30 मिनिटांपर्यंत गेली नाही, तरी त्यांनी 62 सामने जिंकले आणि अंतिम फेरीत मायामीला 4-1 ने हरवले.

मला हट्टी म्हणतात, ते तुझ्याही कानावर आले असेलच. एका लीगच्या अंतिम सामन्यात मी माझ्या सेंटरला, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला, तिसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर बसवले आणि आम्ही दोन गुणांनी हरलो. ती हार अजून सलते, टोमणे अजून ऐकतो. पण त्या सेंटरला हंगामभर 32 मिनिटांच्या आत ठेवले म्हणूनच आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलो होतो, हे कोणी बोलत नाही. आज तोच सामना पुन्हा आला, तर मी त्याला त्याच मिनिटाला बसवीन.

तेव्हा सौदा तूर्त थांबव. पुढच्या सामन्यात गार्डला दुसऱ्या क्वार्टरची पहिली पाच मिनिटे आणि तिसऱ्याची शेवटची चार मिनिटे बाकावर ठेव. या काळात आघाडी घटेल आणि त्याला परत उतरवायला तुझे हात शिवशिवतील. तसे करू नकोस. सामना झाल्यावर मला मिनिटांचा रकाना पाठव. निकाल मी त्यानंतर विचारीन.

तुझा हितचिंतक