पौष्टिक म्हणजे नक्की किती? घरगुती बेकरीवाल्यांचे प्रश्न

घरच्या ओव्हनवर छोटा व्यवसाय चालवणाऱ्यांची पत्रं या महिन्यात बरीच आली. सगळ्यांनाच आरोग्याला बरं आणि मायेनं केलेलं असं काही विकायचं आहे. पण ब्रेड दगड होतो, हिशेब बसत नाही, पाठ धरते. त्यातले सात प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : मैदा अजिबात न वापरता फक्त कणकेचा ब्रेड विकते. चव आवडते लोकांना, पण ब्रेड विटेसारखा जड होतो आणि दुसऱ्या दिवशी चुरा पडतो. यीस्ट वाढवून पाहिलं, उपयोग नाही.

यीस्ट पुरेसं असणार, कमी पडतंय ते पाणी. १०० ग्रॅम मैद्याला ६० ते ६५ ग्रॅम पाणी पुरतं. कणकेसाठी ७५पासून सुरुवात करा. पीठ फार बारीक दळलेलं असेल तर ८० ते ८५ग्रॅमही लागेल. कोंडा पाणी पितो, पण सावकाश. मळताना गोळा छान मऊ वाटतो आणि अर्ध्या तासात घट्ट होतो, ही त्याचीच करामत. शिवाय कोरड्या कोंड्याच्या धारदार कडा ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची, जाळी कापतात, मग यीस्टने केलेला वायू धरून ठेवायला काही उरत नाही.

५०० ग्रॅम कणकेचं माप घेऊ : पाणी ३७५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, तेल २० ग्रॅम. आधी कणीक आणि ३५० ग्रॅम पाणी नुसतं कालवून ३० मिनिटं झाकून ठेवा. मळायचं नाही. मग उरलेल्या २५ ग्रॅम पाण्यात यीस्ट भिजवून घाला, त्यानंतर मीठ, आणि ८ ते १० मिनिटं मळा. तेल शेवटच्या दोन मिनिटांत. पीठ हाताला थोडं चिकटलं पाहिजे. चिकटतंय म्हणून वरून कणीक भुरभुरलीत की वीट परत आलीच.

‘दुप्पट होऊ द्या’ हा मैद्याचा नियम आहे. कणकेचा गोळा दीडपट झाला की थांबायचं. २६-२७ अंशांच्या खोलीत त्याला साधारण तासभर लागतो. २३ × १३ सेंटिमीटरच्या साच्यात घातल्यावर तो काठाच्या एक-दीड सेंटिमीटर वर आला की ओव्हनमध्ये. बोटाने हलकं दाबा : खळगा हळूहळू भरून आला तर वेळ बरोबर आहे, तसाच राहिला तर उशीर झाला आहे आणि ब्रेड मध्ये बसणार. २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. खात्री करायची तर काटा असलेला थर्मामीटर मधोमध खुपसा, ९३ ते ९६ अंश दिसले पाहिजेत.

चुरा पडण्याला आणखी दोन कारणं असतात. गरम असतानाच कापणं हे एक, आणि फ्रिजमध्ये ठेवणं हे दुसरं. फ्रिजच्या तापमानाला ब्रेड सगळ्यात लवकर शिळा होतो. त्यामुळे बाहेर ठेवा, नाहीतर कापून थेट फ्रीजरमध्ये. जास्त मऊपणा हवा असेल तर मापातलीच २५ ग्रॅम कणीक मापातल्याच १२५ ग्रॅम पाण्यात शिजवून खीर करून घ्या आणि गार झाल्यावर पिठात घाला. शिजताना वाफ जाते, तेवढं १५-२० ग्रॅम पाणी भरून काढा.

प्रश्न : केकमधली साखर निम्मी केली तर तो फिका, बुटका आणि कोरडा झाला. मग मध आणि खजूर वापरायला लागलो. त्यावर ‘शुगर फ्री’ लिहिलं तर चालेल ना? मधुमेह असलेले ग्राहक विचारतात.

नाही, चालणार नाही. मध ही साखरच आहे, वर १७-१८ टक्के पाणी. खजुरात तंतू आणि इतर चांगलं बरंच काही असतं, पण त्याच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग साखरच असते.

आता केकचं. साखर गोडीखेरीज चार कामं करते : लोण्याबरोबर फेसताना हवा धरते, ओलावा धरते, रंग आणते आणि केक कधी घट्ट व्हायचा ते लांबवते. ती निम्मी केली की हवा कमी, आणि केक पूर्ण फुगायच्या आतच घट्ट होतो. म्हणून बुटका. एक चतुर्थांश साखर कमी केली तर बहुतेक कृतींत कुणाला कळतही नाही. एक तृतीयांशाच्या पुढे गेलात तर कृतीच बदलावी लागते. ३०० ग्रॅमची २०० केलीत तर ५०-६० ग्रॅम सफरचंदाचा किंवा केळ्याचा गर घाला आणि नेहमीपेक्षा ५ ते ८ मिनिटं आधीपासून सुई घालून बघायला लागा. रंग फिकाच राहील. तो आणायला केक जास्त भाजलात तर कोरडेपणा तुम्हीच विकत घेतलात.

मध वापरायचाच असेल तर १०० ग्रॅम साखरेऐवजी ७५ ते ८० ग्रॅम मध, कृतीतलं इतर पाणी किंवा दूध १५ ग्रॅमने कमी, आणि ओव्हन १० ते १५ अंश खाली, कारण मध लवकर करपतो. आणि मधाच्या प्रत्येक पदार्थावर ‘एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नये’ असं लिहाच. मधात बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात आणि ते केक भाजण्याच्या उष्णतेने मरत नाहीत.

लेबलवर विशेषणापेक्षा आकडा लिहा. २०० ग्रॅम साखरेचा केक १२ तुकड्यांत कापला तर एका तुकड्यात सुमारे १७ ग्रॅम साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शनानुसार मुक्त (म्हणजे मुख्यतः वरून घातलेली) साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी. २००० कॅलरींच्या आहारात ती साधारण ५० ग्रॅम होते, आणि मध त्यातच धरतात. म्हणजे एका तुकड्यात दिवसाच्या मर्यादेचा तिसरा हिस्सा. हे ग्राहकाला कळू दे.

मधुमेहाच्या ग्राहकाला ‘तुम्हाला चालेल’ असं कधीही सांगू नका. त्याच केकमध्ये २५० ग्रॅम मैदा असेल तर त्याची कर्बोदकं प्रत्येक तुकड्यात आणखी १५ ग्रॅम भरतात, आणि साखर काढली तरी ती तिथेच राहतात. तुकड्याचं वजन, साखर आणि एकूण कर्बोदकं लिहून द्या. किती खायचं ते तो आणि त्याचे डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : ग्लुटेन-फ्री ऑर्डर येतात. भांडी स्वच्छ धुऊन, वेगळ्या दिवशी केलं तर चालेल का?

सीलिअॅक (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) असलेल्या ग्राहकासाठी नाही. ग्लुटेन-फ्री म्हणण्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेन अशी आहे. गव्हाच्या पिठात ग्लुटेन साधारण १० टक्के धरलं तर किलोभर बिस्किटांत ०.२ ग्रॅम पीठ पडलं की मर्यादा संपली. चिमटीत मावतं त्याहून कमी. गव्हाचं पीठ चाळलं की ते तासन्‌तास हवेत तरंगतं, मिक्सरच्या खाचांत आणि लाकडी लाटण्यात बसतं. ओट्सनाही शेतात आणि गिरणीत गव्हाची संगत लागलेली असते. तेव्हा ‘गहू न घातलेलं, पण गहू वापरणाऱ्या स्वयंपाकघरात केलेलं’ एवढंच लिहा, आणि सीलिअॅकची ऑर्डर नम्रपणे परत करा.

प्रश्न : बहुतेक ग्राहक ओळखीचे. ‘तू किती मायेनं करतेस’ म्हणतात, त्यामुळे दर वाढवायला जीभ रेटत नाही. महिन्याच्या शेवटी हातात काहीच उरत नाही.

आधी काय जातंय ते मोजा. २४ कपकेकचा एक घाणा घेऊ. साच्यात प्रत्येकी ५० ग्रॅम मिश्रण घातलं तरी पातेल्याला आणि चमच्याला लागून थोडं जातंच. एक चाखायला, एक तडकलेला किंवा वाकडा. विकायला २२ धरा. वेळ : मोजमाप १५ मिनिटं, फेसणं २०, ओव्हनच्या दोन पाळ्या ४० (यात भांडी होतात), आयसिंग ४५, डबे भरणं २५, फोन आणि मेसेज १५. एकूण १६० मिनिटं, म्हणजे एका कपकेकला सात मिनिटांच्या वर. फोनवरचा वेळ कुणीच धरत नाही, आणि तोच सगळ्यात चिवट असतो.

दरात मग हे सगळं येतं : साहित्य (साच्याला लावलेलं लोणी आणि कागदी वाट्यांसकट), डबा, वीज, वेळ, आणि ओव्हन-मिक्सरच्या दुरुस्तीसाठी थोडं बाजूला. विजेसाठी अंदाज नको. घाणा सुरू करण्याआधी आणि संपल्यावर मीटर वाचा, तीन वेळा वाचून सरासरी काढा. वेळेचे पैसे लावताना विचार करा, की हेच काम करायला दुसऱ्याला बोलावलं असतं तर ताशी किती दिलं असतं? तेवढेच स्वतःला लावा.

सवलत द्यायला हरकत नाही, पण ती दरात मिसळू नका. महिन्याला किती ऑर्डरी साहित्याच्या खर्चात द्यायच्या ते आधी ठरवा, समजा दोन, आणि वहीत त्यांचं वेगळं पान करा. दोन झाल्या की पुढच्या महिन्यात. आणि ज्याला गरज आहे त्याला मिळू देत. नाहीतर सवलत मागायला न लाजणारेच ती घेऊन जातात.

प्रश्न : संध्याकाळी उरलेला माल एका संस्थेला द्यावा म्हणतो. काय काळजी घ्यावी?

साधा ब्रेड, बिस्किटं, क्रीम नसलेला केक त्याच दिवशी द्या. क्रीम, कस्टर्ड किंवा चीज असलेलं ५ अंशांखाली राहायला हवं. ते खोलीच्या तापमानाला दोन तासांहून जास्त राहिलं असेल तर टाकून द्या. विकायला नको वाटतं म्हणून वाटायला काढलं, असं होऊ देऊ नका. देतानाही लेबल तेच : गहू, दूध, अंडं, सोया, शेंगदाणे, सुकामेवा, तीळ यांतलं जे आहे ते स्पष्ट लिहा, आणि केल्याची तारीख. आधी फोन करून विचारा. दातांचा त्रास असलेल्या वृद्धांना कडक बिस्किटं किंवा पंधरा जणांना साठ कपकेक पोचले, तर ते संपवायचं काम तिथल्या लोकांच्या गळ्यात पडतं.

प्रश्न : ब्रेडवर बुरशी दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी आतून जास्त पिकलेल्या फळासारखा वास येतो आणि कापताना तार सुटते. यीस्ट खराब आहे का?

यीस्टचा दोष नाही. बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू पिठातून येतात आणि भाजण्यातून वाचतात, कारण ब्रेडचा आतला भाग १०० अंशांच्या वर जात नाही. उष्ण, दमट हवेत ते एका-दोन दिवसांत ब्रेडचा गाभा चिकट करून टाकतात. कोंड्यासकट पिठात हे जास्त आढळतं.

तो घाणा पूर्ण फेका. त्याचे टोस्ट किंवा चुरा करू नका, चुऱ्यातून तेच पुढच्या ब्रेडमध्ये जातं. पिठाचा डबा रिकामा करा, तळाचं जुनं पीठ टाका, ओटा, साचे, जाळी, सुरी साबणाने धुऊन व्हिनेगरच्या पाण्याने पुसा. पुढच्या घाण्यांत ५०० ग्रॅम कणकेला ५ मिलिलिटर व्हिनेगर घाला, चवीला कळत नाही. ब्रेड जाळीवर दोन-तीन तास गार होऊ द्या. कोमट ब्रेड पिशवीत भरला की आत वाफेचे थेंब जमतात, आणि तार नाही तर बुरशी ठरलेली.

प्रश्न : सकाळी सातला ब्रेड पोचवायचा म्हणून तीनला उठते. मनगटं आणि कंबर दुखते. ऑर्डरी कमी करू का?

आधी वेळापत्रक बदलून बघा. संध्याकाळी मळा, एकदा फुगू द्या, साच्यात घाला, वर तेलाचा हात लावून झाका आणि ४-५ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवा. ८ ते १२ तास तो तिथे सावकाश फुगतो, चवही सुधारते. ५०० ग्रॅम कणकेला यीस्ट ५ ग्रॅमऐवजी ३ ग्रॅम घ्या, नाहीतर रात्रीतच काठावरून उतू जाईल. मात्र गरम ब्रेड पोचवायचा हट्ट सोडा. सातच्या पोचवणीसाठी फ्रिज वगळून भाजणं रात्रीच आणि कापणं सकाळी, किंवा फ्रिजमधून काढून भाजणं सकाळी आणि पोचवणं दहाला, यांतलं एक ग्राहकांना आधी कळवा.

मळण्याचा ओटा तुमच्या मनगटाच्या उंचीला हवा, हात सरळ खाली सोडून मोजा. बहुतेक ओटे मळायला उंच पडतात. पायाखाली घट्ट, न घसरणारी फळी घ्या. मळण्याऐवजी घड्या घालून बघा : कालवून ठेवलेलं पीठ दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने चार बाजूंनी ओढून दुमडायचं, असं चार वेळा. प्रत्येक वेळी अर्धं मिनिट लागतं, आणि ७५ टक्के पाण्याच्या कणकेला हे उत्तम जमतं. दहा मिनिटं मळण्याचा भार मनगटावरून जातो. दोन आठवड्यांनीही दुखणं तसंच राहिलं, तर ऑर्डरी कमी करा आणि हात डॉक्टरांना दाखवा.