सर शिकवतात तेव्हा कळतं, घरी एक ओळ सुचत नाही: माझा अनुभव

तुमची पोस्ट दोनदा वाचली. बी.कॉम., अकाउंट्समधली नोकरी, संध्याकाळचा पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचा क्लास, दोन महिने झाले. सर दाखवतात तेव्हा सगळं पटतं, घरी कोरी स्क्रीन समोर आली की हात थांबतो. आणि आता विचारताय, पायथॉन सोडून जावा घेऊ का? २०१६ साली मी नेमकी इथेच अडकले होते. मीही बी.कॉम.चीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाषा बदलू नका. जावा शिकायचंच असेल तर पुढे शिका, पण तुमची अडचण भाषेची नाही. तिथेही आठव्या आठवड्यात हीच कोरी स्क्रीन समोर येईल. व्हेरिएबल, इफ, लूप म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे, ते पुन्हा सांगत बसत नाही.

मी पुण्यात एका क्लासला सात महिन्यांचे ३८,००० रुपये एकदम भरले, कारण एकरकमी भरणाऱ्यांना थोडी सूट होती. शिकवायला टर्बो सी, म्हणजे सी भाषेचं जुनं सॉफ्टवेअर, ती निळी स्क्रीन. सर प्रोग्रॅम सांगायचे, आम्ही वहीत उतरवायचो आणि लॅबमध्ये वही बघून टाईप करायचो. एरर आली की हात वर करायचा. सर यायचे, कीबोर्ड स्वतःकडे ओढायचे, काहीतरी दुरुस्त करायचे आणि पुढच्या मशीनकडे जायचे. माझ्या दोन वह्या भरल्या. त्या सात महिन्यांत मी स्वतः एकही एरर काढली नाही, आणि हे चुकतंय असं मला वाटलंही नाही.

एक दिवस मात्र विसरणार नाही. पगाराचा प्रोग्रॅम होता. वहीत पगार ९,००० होता, मी आपल्या मनाने ४०,००० लिहिला. उत्तर आलं, उणे २५,५३६. मी सरांना विचारलं तर म्हणाले, "लहान आकडा टाक, परीक्षेत एवढा मोठा येत नाही." मी ९,००० टाकला, बरोबर आलं, पुढे गेले.

त्या उणे आकड्याचं कारण मला दोन वर्षांनी कळलं. त्या जुन्या कंपायलरमध्ये (आपला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणारं सॉफ्टवेअर) इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, १६ बिटचा असतो, त्यात ३२,७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. त्यापलीकडे गेलं की मोजणी ऋण टोकाकडून सुरू होते. ४०,००० मधून ६५,५३६ वजा करा, तेच उणे २५,५३६ येतं. कॉम्प्युटर आकडे कसे साठवतो याचा इतका चांगला धडा माझ्यासमोर आपणहून आला होता आणि मला तो पुसायला सांगितला गेला. याचा राग अजून जात नाही. पैशांपेक्षा जास्त याचा.

पहिल्या मुलाखतीत मला कोऱ्या स्क्रीनसमोर बसवलं. पाच विषयांचे मार्क विचारायचे आणि सरासरी सांगायची, एवढंच. वहीतल्या प्रोग्रॅमच्या पहिल्या चार ओळी पाठ होत्या, त्या लिहिल्या. पुढे काही नाही. क्लासच्या ऑफिसात गेले तर म्हणाले, कोर्स पूर्ण झालाय, सर्टिफिकेट घेतल्याची तुमची सही आहे, फी परत होत नाही, हवं तर पुन्हा त्याच बॅचला बसा. तीन चकरा मारल्या, दर वेळी वेगळा माणूस.

म्हणून तुमची उरलेली फी हप्त्याने भरता येत असेल तर हप्त्यानेच भरा, सूट सोडा. पावतीवर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मी वकील नाही, तुमच्या प्रकरणात काय होईल ते सांगू शकत नाही, पण मला तेव्हा हा नंबरही कुणी सांगितला नव्हता.

आता अभ्यासाबद्दल. हे माझं मत आहे, काहींना वेगळी पद्धत जमते. सरांनी दाखवलेला प्रोग्रॅम घरी बघून टाईप करू नका. वही बंद करा आणि तेच काम स्वतःच्या ऑफिसमधलं उदाहरण घेऊन करा. बिलाची रक्कम विचारा, १८ टक्के जीएसटी लावा, एकूण छापा. रन करायच्या आधी काय उत्तर येईल ते कागदावर लिहा. उत्तर वेगळं आलं तर तिथे थांबा, शिकायचं ते तिथेच आहे.

या बिलातच तुम्ही बहुतेक अडकाल. पायथॉनमध्ये इनपुट या कमांडने घेतलेला आकडा हा आकडा नसतो, मजकूर असतो. ५ आणि ७ घेऊन बेरीज केली तर १२ येत नाही, ५७ येतं. इंट (पूर्णांक) किंवा फ्लोट (दशांश) लावून तो बदलून घ्यावा लागतो. आणि पैशांचे हिशेब करणार असाल तर ०.१ अधिक ०.२ छापून बघा. शेवटी एक नकोसा ४ दिसेल. अकाउंट्सच्या माणसाला एका पैशाचाही फरक खपत नाही, म्हणून रकमांसाठी पायथॉनमधला डेसिमल हा दशांश अचूक ठेवणारा प्रकार वापरायचा किंवा सगळं रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवायचं. हे पुढचं आहे, पण आत्ताच बघून ठेवा.

एरर आली की तिचा मजकूर खालून वाचा. चूक कोणत्या प्रकारची ते शेवटच्या ओळीत असतं, तिच्या वर ओळ क्रमांक. सिंटॅक्स एरर (भाषेच्या लिहिण्याच्या नियमांची चूक) दाखवलेल्या ओळीत काही सापडत नसेल तर वरच्या ओळीत कंस बंद करायचा राहिलाय का ते बघा. पंधरा मिनिटं स्वतः झगडल्याशिवाय कुणाला कीबोर्ड देऊ नका. सरांना नाही आणि एआयलाही नाही. हल्ली सगळे एआयकडून पूर्ण कोड घेतात, तो माझ्या सरांसारखाच कीबोर्ड ओढून घेतो. विचारायचंच तर "या एररचा अर्थ काय" एवढंच विचारा.

लूप डोक्यात बसत नसेल तर पायथॉन ट्यूटर या साइटवर प्रोग्रॅम एकेक ओळ पुढे सरकवून बघा, प्रत्येक पायरीला व्हेरिएबलमध्ये काय आहे ते दिसतं. मराठीतून ऐकायला सोपं जात असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे फुकट आहेत. फक्त ऐकताना थांबवून स्वतः टाईप करा, सलग बघू नका.

आज रात्री ते जीएसटीचं बिल वही बंद ठेवून लिहा. अडलात तर एररची शेवटची ओळ आणि तुम्हाला तिचा काय अर्थ लागला ते इथे टाका. मी रात्री दहानंतर बघते.