पुन्हा शाई, पुन्हा गुंडाळी

प्रिय,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. तरुणसंघाला पूर्वीइतकी मुलं येत नाहीत, तुझ्या संदेशावर आपल्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्यांनी चारचौघांत शेरा मारला, आणि हल्ली प्रार्थनेला बसलं तरी मन लागत नाही. शेवटी विचारलं आहेस, "देवाने मला खरंच बोलावलं होतं का?" या प्रश्नाचं उत्तर मी आज देणार नाही. थकलेल्या माणसाने पाचारणाचा हिशेब मांडायला बसू नये. तो हमखास चुकतो.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तू स्वतःच मुलांना शिकवली असशील, म्हणून थोडक्यात सांगतो. कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेला उत्तर म्हणून अग्नी उतरला आणि त्यानंतर लगेच हाच माणूस रानात झुडपाखाली मरण मागत पडला. देवाने त्याला आधी झोपू दिलं, मग दूताकरवी खाऊपिऊ घातलं, तेही दोनदा. प्रश्न विचारला तो पुढे होरेब डोंगरावर. तेव्हा "अजून प्रार्थना कर, विश्वास कमी पडतोय" असं जे तुला सांगतात त्यांचं ऐकून घे आणि रात्री वेळेवर झोप. मला त्या सल्ल्याची चीडच येते, कारण तो बहुधा भरपूर झोप झालेली माणसं देतात.

पण तुझ्या पत्रात मला एलीयापेक्षा बारूख जास्त दिसला. यिर्मयाच्या पुस्तकातला 45 वा अध्याय काढ. पाचच वचनं आहेत, उपासनेत सहसा वाचली जात नाहीत. बारूख म्हणजे यिर्मयाचा लेखनिक. संदेष्टा सांगणार आणि हा शाईने गुंडाळीवर उतरवणार. नाव यिर्मयाचं आणि धोका मात्र दोघांना. लिहिता लिहिता तो कुरकुरतो: आधीच दुःख, त्यात देवाने आणखी भर घातली, कण्हून कण्हून थकलो, विसावा नाही. यावर देव त्याची समजूत घालत बसत नाही. विचारतो, तू स्वतःसाठी मोठाल्या गोष्टी शोधतोस का? शोधू नकोस. सगळीकडे अनर्थ येणार आहे, पण तू जाशील तिथे तुझा जीव मी राखीन.

बारूखला मोठं काय हवं होतं, ते शास्त्र सांगत नाही. त्याचा भाऊ सराया पुढे सिद्कीया राजाच्या अधिकाऱ्यांत दिसतो. घराणं दरबारात वावरणारं असेल आणि हा मात्र राजाच्या डोळ्यांत खुपणाऱ्या माणसाची लेखणी झालेला. हा माझा तर्क. तुझ्याबाबतीत मात्र तर्काची गरज नाही, कारण तू स्वतःच लिहिलं आहेस: "माझ्याबरोबरचे कुठल्या कुठे पोचले." मुलांची संख्या, तो शेरा, हे सगळं खरं आहे आणि लागतंच. पण सर्वांत खोल टोचणी या एका वाक्यात आहे असं मला वाटतं. ती लपवू नकोस. प्रभूपुढे तिच्या नावानिशी मांड.

आता 36 वा अध्याय वाच. तीच गुंडाळी पुढच्या वर्षी यहूदाच्या यहोयाकीम राजापुढे वाचली जाते. हिवाळ्याचे दिवस, समोर शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा भाग चाकूने कापतो आणि निखाऱ्यांवर टाकतो. असं करत सगळी गुंडाळी जळून जाते. देव काय सांगतो? दुसरी गुंडाळी घे आणि पहिलीतलं सगळं पुन्हा लिही. बारूख लिहायला बसतो आणि या खेपेला त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडते. त्या दिवशी त्याला उत्साह होता की नव्हता, याबद्दल एक अक्षर नाही. प्रेषित पौल कलस्सैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सांगतो की जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. ते वचन मुळात दासांना उद्देशून आहे. ज्यांच्या कामाची वाहवा होण्याची शक्यताच नव्हती, अशा माणसांना. त्यामुळे जिवेभावे म्हणजे उत्साहाच्या भरात, असं मी तरी मानत नाही.

विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याचं तुला माहीत असेल. 1793 मध्ये तो बंगालात आला आणि त्याच्या कामातून पहिला हिंदू, कृष्ण पाल, बाप्तिस्मा घ्यायला पुढे आला तो 1800 च्या डिसेंबरात. मार्च 1812 मध्ये त्याच्या मिशनचा बंगालातल्या सेरामपूरचा छापखाना जळाला. कागद, अनेक लिप्यांचे छपाईचे खिळे आणि वर्षानुवर्षांची शब्दकोशांची, व्याकरणांची हस्तलिखितं गेली. छपाईची यंत्रं आणि खिळ्यांचे साचे मात्र वाचले. वितळलेल्या धातूतून नवे खिळे ओतले गेले, आणि जळालेलं काम कॅरी पुन्हा करायला बसला.

एक मात्र स्पष्ट सांगतो. टिकून राहणं म्हणजे सगळं गिळत राहणं नव्हे. महिनाभर संदेश दुसऱ्या कुणाला देऊ दे. पाळकांशी मी बोलतो. ते सेवा सोडणं होत नाही. पौलाचा सोबती मार्क एकदा प्रवासातून मध्येच परत फिरला होता, तरी पुढे पौलानेच "तो सेवेसाठी मला उपयोगी आहे" म्हणून त्याला बोलावून घेतलं. आणि त्या वडीलधाऱ्यांकडे स्वतः जा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात प्रभूने सांगितलंय तसं, एकांतात. आधी तरुणसंघात हा विषय काढू नकोस, नाहीतर आठवड्याभरात दोन गट पडतील. शेऱ्यात कणभर तथ्य असेल तर घे. बाकीचं त्यांच्यापाशीच सोडून ये.

येणं बंद केलेल्या मुलांपैकी दोघांची नावं मला कळव. नुसती संख्या नको. त्यांना भेटशील तेव्हा "संघाला का येत नाहीस" हे विचारू नकोस, घरी सगळे कसे आहेत तेवढं विचार. मी त्या नावांसाठी प्रार्थना करतो आहे, म्हणून लवकर लिही.

तुझा,
प्रभूमधला एक वडीलभाऊ