वाचकांचे प्रश्न : किटमधून उरलेल्या सुट्या भागांचं काय करायचं?

वॉरगेमिंगसाठी, म्हणजे टेबलावर मॉडेलांनी खेळायच्या युद्धखेळासाठी, किटमधून छोटे रणगाडे बांधणाऱ्यांकडून या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं एकाच डब्याभोवती फिरतात. सगळे भाग कापून झाल्यावर जे उरतं, त्याचा डबा. निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत.

प्रश्न : १/५६ मापाचे तीन शर्मन (अमेरिकन रणगाडे) बांधले. जेरीकॅन (इंधनाचे कॅन), पेट्या, फावडी, ट्रॅकच्या कड्या बऱ्याच उरल्या. मित्राने त्याच्या १/७२ किटमधले उरलेले भागही दिले. सगळं एकत्र वापरलं तर चालेल का? – वाचक, सांगली

सरसकट नाही. आधी डबे वेगळे करा. शंका आली तर जेरीकॅन मोजा. खरा जेरीकॅन साधारण ४७ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे १/५६ मध्ये ८.४ मिलिमीटर आणि १/७२ मध्ये ६.५ मिलिमीटर. दोन मिलिमीटर कागदावर किरकोळ वाटतात, पण २८ मिलिमीटरच्या सैनिकाशेजारी तो कॅन पाण्याच्या बाटलीएवढा दिसू लागतो.

माणूस हातात धरतो त्या वस्तू, म्हणजे कॅन, फावडं, हेल्मेट, मशीनगन, मापातल्याच हव्यात. गुंडाळलेली ताडपत्री, पोती, ओंडके, दोराची वेटोळी यांना ठरलेला आकार नसतो. ती १/७२ ची असली तरी १/५६ वर बिनधास्त लावा.

रिकामी स्प्रूची चौकटही, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडून येतात ती, फेकू नका. अँटेनासाठी तिची तार ओढता येते. काडी मेणबत्तीच्या ज्योतीच्या दोन बोटं वर धरून फिरवत राहा. प्लास्टिक चमकून मऊ पडलं की ज्योतीपासून दूर न्या, क्षणभर थांबा आणि मग दोन्ही टोकं सावकाश ओढा. ज्योतीवरच ओढलंत तर तार तुटते. झटका दिलात तर केसासारखी बारीक होते आणि अँटेना म्हणून खेळात टिकत नाही.

प्रश्न : पँथर या जर्मन रणगाड्याच्या किटमध्ये दोन टरेट (तोफेचे फिरते बुरुज) आले. एक पूर्ण टरेट नळीसकट शिल्लक आहे. त्याचा बंकर करता येईल का, आणि तो इतिहासाला धरून होईल का? – वाचक, पुणे

होईल, आणि सुट्या टरेटचा याहून चांगला उपयोग आम्हाला माहीत नाही. जर्मनांनी पँथरचे टरेट जमिनीत पुरलेल्या पोलादी खोक्यावर बसवले होते. इटलीत लिरी खोऱ्यातल्या हिटलर लाइन या जर्मन बचावफळीवर ते होते. २३ मे १९४४ रोजी कॅनडाच्या पायदळाने आणि ब्रिटिश रणगाड्यांनी त्या फळीवर हल्ला केला, तेव्हा या टरेटनी रणगाड्यांचं मोठं नुकसान केलं. खास बंकरसाठी बनवलेल्या टरेटचं छत जाड, ४० मिलिमीटरचं होतं आणि कमांडरच्या उंच कपोलाच्या (टेहळणीच्या छोट्या घुमटाच्या) जागी सपाट झाकण होतं. म्हणून तुमच्या टरेटवर कपोला अजून चिकटवला नसेल तर लावू नका. ते भोक १ मिलिमीटर प्लास्टिक शीटच्या चकतीने बुजवा. एवढ्या एका बदलाने तो ‘रणगाड्यावरून काढलेला’ न दिसता ‘बंकरचाच’ दिसतो.

पाया म्हणून जुनी सीडी घ्या. तिचा व्यास १२० मिलिमीटर असतो. दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरवडून घ्या, नाहीतर गुळगुळीत पृष्ठभागावरून सगळं थरासकट सुटतं. वर ५ मिलिमीटर सनबोर्डची १०० मिलिमीटर व्यासाची चकती लावा आणि तिची कड कटरने तिरकी उतरवा. मधोमध टरेटखालचा गोल भाग जेमतेम जाईल एवढं भोक पाडा. त्या गोलाला दोन बाजूंना खुंट्या असतील तर त्या कापून टाका. त्या हलमध्ये (रणगाड्याच्या खालच्या धडात) अडकवण्यासाठी असतात, इथे फक्त आड येतात.

टरेट चिकटवू नका. पँथरची तोफ ७५ मिलिमीटरची, ७० कॅलिबर, म्हणजे ७५ मिलिमीटरच्या ७० पट लांब, म्हणून खरी नळी सव्वापाच मीटर. टरेटच्या आतला भाग वजा केला तरी नळी सीडीच्या कडेबाहेर येते आणि पेटीत भरताना पहिली तीच मोडते. म्हणून टरेट काढता येईल असा ठेवा. तळाला आडवी प्लास्टिकपट्टी लावून तिच्यावर ५×२ मिलिमीटरचं निओडिमियम चुंबक बसवा, तसंच दुसरं सीडीवर, तिचं मधलं भोक प्लास्टिकपट्टीने झाकून तिच्यावर. चिकटवण्याआधी दोन्ही एकमेकांना लागू द्या आणि बाहेरच्या बाजूंवर मार्करने खूण करा. ही खूण करायची राहिली की एक चुंबक उलटं बसतं आणि टरेट वर उचलला जातो.

शेवटी एम-सील मळून कडेने मातीचा उतार द्या आणि ओल्या बोटाने सारखा करा. सगळ्यात जास्त चूक इथे होते : ढीग छान दिसतो म्हणून उंच केला जातो आणि नळी फिरताना मातीत अडते. त्या टरेटला चहूबाजूंना मारा करता यायला हवा. एम-सील ओलं असतानाच टरेट बसवून पूर्ण फेरी फिरवा, जिथे नळी टेकते तिथे दाबून खाली करा, मग टरेट काढून रात्रभर वाळू द्या. सनबोर्डऐवजी थर्मोकोल वापरलात तर स्प्रे मारण्याआधी फेविकॉल आणि चाळलेल्या रेतीचा सलग थर द्या. उघडा राहिलेला थर्मोकोल स्प्रेने विरघळतो.

प्रश्न : शर्मनवर जादा ट्रॅक चिलखतासारखे लावले, पण मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. काय चुकलं? – वाचक, नागपूर

सोबतच्या फोटोवरून दोन गोष्टी दिसतात. पहिली, कड्या चालकाच्या झाकणावर आल्या आहेत. झाकण उघडलंच नाही तर चालक आत कसा शिरणार? काहीही चिकटवण्याआधी झाकणं, पेरिस्कोप, हलमधली मशीनगन आणि टरेट फिरण्याची जागा पेन्सिलीने आखून घ्या. उरेल तेवढीच जागा तुमची. कॅनडाच्या शर्मनांवर ट्रॅकची अक्षरशः दाटी असे, पण तीही या जागा सोडूनच. दुसरी गोष्ट वजनाची. अमेरिकन जनरल पॅटनने चिलखत म्हणून रणगाड्यांवर रचल्या जाणाऱ्या वाळूच्या पोत्यांना विरोध केला तो गाडीच्या यंत्रणेवर ताण पडतो म्हणून. १९४५ च्या सुरुवातीला त्याच्या थर्ड आर्मीत निकामी रणगाड्यांचे चिलखती पत्रे कापून शर्मनवर वेल्ड केले गेले. तुमच्या डब्यात हलचे सपाट तुकडे असतील तर ते समोरच्या उतारावर लावा आणि कडेने स्प्रूची बारीक तार सॉल्व्हंटने मऊ करून वेल्डिंगची रेघ काढा.

रंगाचंही सांगायला हवं. चालत्या ट्रॅकची जमिनीला घासणारी बाजू चकाकते, टांगलेल्या कड्या घासल्या जात नाहीत. त्यांना चंदेरी ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिरवलेला रंग) नको. गडद तपकिरी आणि खाचांत थोडा गंज पुरे.

प्रश्न : चिकटवलेले भाग दोन खेळांत गळून पडतात. – वाचक, ठाणे

भाग कशाचा आहे ते पाहा. पातळ सॉल्व्हंट सिमेंट फक्त कडक पॉलिस्टायरीन वितळवून जोडतं. रेझिन, धातू आणि रबरासारखे मऊ ट्रॅक यांना ते धरत नाही, तिथे फेविक्विक. रेझिनचा भाग आधी भांड्याच्या साबणाने धुवा, साच्याचा तेलकटपणा राहिला की जोड सुटतो. जड धातूच्या भागाला ०.८ मिलिमीटरचं भोक पाडून तारेची पिन द्या. आणि रंगावर चिकटवू नका : जोड घट्ट राहतो, रंगच निघतो.

प्रश्न : प्रीस्ट या तोफगाडीची तोफ काढून सैनिक वाहणारी कांगारू गाडी बनवली. तोफ उरली, ती ओढतोफ म्हणून चालेल का? – वाचक, बेळगाव

तोफ तीच १०५ मिलिमीटरची, पण चाकं आणि मागचे दोन लांब पाय नसतील तर खेळात ती ओढतोफ म्हणून मांडू नका, समोरचा खेळाडू गोंधळतो. अशा कांगारू पहिल्यांदा ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीत, प्रीस्टच्या तोफा उतरवूनच बनल्या. म्हणजे उतरवलेल्या तोफेची कार्यशाळा हेच तुमचं उद्दिष्ट-चिन्ह, म्हणजे खेळात काबीज करायची जागा दाखवणारी खूण. ६० मिलिमीटरच्या पायावर स्प्रूच्या ७० मिलिमीटरच्या तीन काठ्यांची तिकाटी उभारा, वरून दोऱ्याला गाठ मारून तोफ लटकवा, खाली दोन पेट्या आणि एक चाक ठेवा. दोऱ्याला पातळ फेविकॉल चोळलंत तर वजनाने ताणलेला दिसतो. नाहीतर तो फुगून वर वळतो आणि तोफ हवेत तरंगल्यासारखी वाटते.