अत्तर अंगावर ‘मुरतं’ की ‘बसतं’?

हाताने, थोडीथोडी बनवलेली, अल्कोहोल नसलेली अत्तरं वापरणाऱ्या एका वाचक बाईंचा प्रश्न आलाय. बाटलीला नाक लावलं तर एक वास, मनगटावर लावल्यावर दुसरा आणि संध्याकाळी तिसराच, असा त्यांचा अनुभव. त्यांनी ‘हे अत्तर माझ्या अंगावर छान बसलं’ असं लिहिलं, तर मैत्रिणीने दुरुस्ती केली, ‘बसलं काय, मुरलं म्हण.’ बरोबर कोण? शिवाय ‘टॉप नोट’ (लावल्याबरोबर येणारा वास), ‘बेस नोट’ (शेवटी मागे उरणारा) यांना मराठीत काय म्हणायचं, अशा मिश्रणाला अत्तर म्हणावं की सुगंधी तेल, आणि चारचौघांत नुसतं ‘वास’ म्हटलेलं चालतं का, हेही त्यांनी विचारलंय.

मैत्रिणीचं चुकलं. निदान या वाक्यापुरतं तरी.

मुरण्याला दोन गोष्टी लागतात, वेळ आणि आत शिरायला जागा. पाणी जमिनीत मुरतं, ताप अंगात मुरतो, माणूस राजकारणात मुरतो. मुरलेली गोष्ट आत जाते आणि तिथलीच होऊन बसते. ती पुन्हा वेगळी काढता येत नाही. अंगावरच्या अत्तराचं नेमकं उलट चालू असतं. त्याचा वास आपल्याला येतो तो मुळी ते त्वचा सोडून हवेत निघालेलं असतं म्हणून. अत्तर खरोखरच अंगात मुरलं, तर नाकापर्यंत काहीच पोचायचं नाही.

मात्र मुरणे हे क्रियापद अत्तराच्या दुनियेतून हाकलून द्यायचं कारण नाही. त्याची जागा बाटलीत आहे. निरनिराळी तेलं आणि अर्क एकत्र केले की पहिल्या दिवशी प्रत्येकाचा वास सुटासुटा येतो. काही आठवडे झाकून ठेवल्यावर ते एकजीव होतात. ही नुसती कल्पना नाही, बाटलीत खरोखरच रसायन घडत असतं. मोगऱ्यात आणि संत्र्याच्या फुलात मिथिल अँथ्रानिलेट नावाचं द्रव्य असतं. मिश्रणात अल्डिहाइड या रासायनिक गटातलं काही वासाचं द्रव्य असेल तर या दोघांचा संयोग होऊन तिसराच पदार्थ तयार होतो. रंग गडद होतो, वास जड आणि गोडसर होतो. त्याला खुशाल ‘अत्तर मुरलं’ म्हणा. त्याहून जास्त दिवस, उन्हात किंवा बूच सैल ठेवून राहिलं तर त्यातलं तेल ‘खवट’ होतं, आणि त्यासाठी दुसरा शब्द शोधायची गरज नाही.

माझं म्हणणं एवढंच की ‘अत्तर बदललं’ या एका वाक्यात तीन कर्ते दडलेले असतात. तेल, वास आणि नाक. क्रियापद निवडण्याआधी कर्ता कोण ते ठरवलं की निम्मं भांडण मिटतं.

तेल जिरतं. अंगाला लावलेल्या तेलाचं आपण पिढ्यान्‌पिढ्या हेच म्हणत आलोय. तेल चोळून जिरवतात, ते मुरवत नाहीत. अत्तराला आधार म्हणून वापरलेलं तेल त्वचेच्या वरच्या थरात असंच थोडं जिरतं, थोडं वर तुकतुकत राहतं. वास मात्र जिरत नाही, वास उडतो. आणि या ‘उडणे’त मराठीने एक बारकावा आयता दिलाय, कारण उडणं म्हणजे उकळणं नव्हे. लिंबाच्या सालीतलं लिमोनिन उकळायला १७६ अंश सेल्सिअस लागतात, मनगटाची त्वचा असते जेमतेम ३२ ते ३४ अंशांवर. तरी ते भराभर उडून जातं, कारण रेणू हलका. लिमोनिनचा रेणुभार १३६, तर चंदनाच्या वासाचा मुख्य घटक असलेल्या सँटॅलॉलचा २२०. शिवाय सँटॅलॉल हे रसायनशास्त्राच्या भाषेत अल्कोहोल गटातलं (म्हणजे स्पिरिट नव्हे), त्याचे रेणू एकमेकांना आणि शेजाऱ्यांना धरून ठेवतात. म्हणून लिंबू आधी पळतं आणि चंदन मागे राहतं.

इथे जरा मनगटाजवळ जाऊन पाहू. समजा बर्गमॉट (संत्र्या-लिंबाच्या कुळातलं एक फळ, त्याच्या सालीचं तेल), गुलाब, चंदन आणि थोडा वाळा असं मिश्रण आहे. थेंब ठेवल्याठेवल्या सालीचा झणका येतो, नाकाच्या शेंड्याला झोंबेल असा, थोडा कडवट. स्पिरिटमधल्या सेंटचा असतो तसा भपका मात्र नाही. तो भपका ७८ अंशांना उकळणाऱ्या अल्कोहोलचा असतो, ते उडताना सगळ्यांना ओढून बाहेर काढतं. तेल कुणाला ओढत नाही, सावकाश सोडतं. पंधरा-वीस मिनिटांत झणका ओसरतो, वास निवळतो. मग गुलाब खुलतो, आधी हिरवट, देठासकट चुरडल्यासारखा, नंतर मधाळ. दुपार कलली की तोही पुसट होतो, आणि मनगट नाकाशी नेलं तरच कळेल असं काहीतरी कोरडं, लाकडी, तळाशी ओल्या मातीची आठवण करून देणारं रेंगाळत राहतं. या एका परिच्छेदात मला ‘बदलणे’ एकदाही वापरावं लागलं नाही, याकडे प्रश्नकर्त्या बाईंनी लक्ष द्यावं.

आता ‘बसलं’. हे क्रियापद धोक्याचं आहे खरं. धूळ बसते आणि घसाही बसतो, म्हणजे बसणं हे विरणंही असू शकतं. उलट ‘कपड्यांत वास बसला’, ‘नाकात वास बसला’ यात तो जाता जात नाही अशी तक्रार असते. पण सदरा अंगावर नीट बसतो तेव्हा त्यात यातलं काहीच नसतं. तिथे बसणं म्हणजे मापात येणं, ज्याचं अंग त्याच्यासाठीच शिवल्यासारखं वाटणं. बाईंना हेच म्हणायचं होतं, आणि ‘अंगावर’ हा शब्द सोबत असल्यामुळे दुसरा अर्थ निघतही नाही. वाक्य आहे तसंच ठेवा.

त्याच्याच जोडीला ‘खुलणे’ आहे. ‘हा रंग तुला खुलतो’ म्हणतो तसं ‘हे अत्तर तुला खुलतं’. यातली चतुर्थी महत्त्वाची. ‘अत्तर खुललं’ म्हटलं तर ते आपल्या गतीने पुढच्या पायरीवर गेलं, ‘तुला खुललं’ म्हटलं तर श्रेय अंगालाही मिळालं. आणि ते मिळायला हवं. कोरड्या त्वचेवरून वास लवकर उडतो, तेलकट त्वचा त्याला धरून ठेवते. अंग गरम असेल तर सगळाच प्रवास वेगाने होतो. प्रत्येकाच्या घामाचा आणि त्वचेवरच्या जिवाणूंचा स्वतःचा वास असतो, तो त्यात मिसळतो. त्वचेच्या आम्लतेवर सगळं खापर फोडायची हल्ली टूम आहे. त्वचा किंचित आम्ल असते हे खरं, पण निरोगी माणसांमध्ये त्यात असा काही फार मोठा फरक नसतो. कोरडेपणा आणि ऊब ही जास्त साधी आणि जास्त वजनाची कारणं आहेत.

अंगागणिक निराळं खुलण्याबद्दल सुगंधाच्या व्यवसायात सर्वाधिक नाव कुणाचं असेल तर ते दवण्याचं. त्याचं तेल एकाच्या मनगटावर फळासारखं गोड लागतं, दुसऱ्याच्या मनगटावर औषधी आणि हिरवं. जगभरचे सुगंधकार त्याला ‘दवणा’ याच नावाने ओळखतात, आणि त्यातल्या मुख्य द्रव्याला रसायनशास्त्रज्ञांनी नाव दिलंय दवनोन. एरवी या विषयात सगळे शब्द बाहेरून आत येतात, हा एक आपल्याकडून बाहेर गेलाय म्हणून मुद्दाम सांगितलं.

अंगाला काही जमलं नाही तर ‘मला हे अत्तर मानवत नाही’ म्हणावं. औषध मानवतं, हवा मानवते, तसंच. वास आवडला नाही, डोकं चढलं, त्वचेला खाज सुटली, या सगळ्याला तो शब्द पुरतो, आणि अत्तर बनवणाऱ्याचा अपमानही होत नाही.

तिसरा कर्ता नाक. ‘तासाभरात वास गेला’ असं लोक सर्रास लिहितात, तेव्हा पुष्कळदा वास तिथेच असतो आणि नाक सरावलेलं असतं. शेजारच्याला येतो, आपल्याला येत नाही. यासाठी मराठीत ‘मला वास येईनासा झाला’ अशी सुरेख रचना आहे. तिच्यात वास नाहीसा झाल्याचा दावा नाही, आपल्यापर्यंत पोचणं थांबल्याचीच कबुली आहे. जांभळ्या व्हायोलेट फुलांच्या वासातल्या आयोनोन द्रव्यांनी तर नाक इतकं चटकन थकतं की वास येतो, जातो, पुन्हा येतो असा लपंडाव चालतो. कस्तुरीसारख्या वासाची काही कृत्रिम द्रव्यं काही माणसांना मुळीच जाणवत नाहीत. त्यांच्या बाबतीत ‘अत्तर उडालं’ हे वाक्य सपशेल खोटं. ‘वास मला लागत नाही’ हे खरं.

‘नोट’चं काय करायचं? हा शब्द संगीतातून आला. १९व्या शतकात लंडनच्या सेप्टिमस पीस या सुगंधकाराने गंधांची सुरांसारखी सप्तकं मांडली होती. म्हणून कुणी ‘सूर’ म्हटलं तर मी अडवणार नाही. पण ‘वरचा सूर’ म्हणू नका, मराठीत त्याचा अर्थ वरच्या पट्टीतला असा होतो, आणि इथे प्रश्न पट्टीचा नाही, आधी-नंतरचा आहे. ‘शिखरगंध’, ‘हृदयगंध’, ‘आधारगंध’ ही भाषांतरं मी वाचली आहेत आणि ती वाचताना कुणीतरी पिरॅमिड डोक्यावर ठेवून चालतंय असं वाटतं. पूचर या इंग्रज सुगंधतज्ज्ञाने १९५५ साली द्रव्यांना उडण्याच्या वेगानुसार १ ते १०० असे क्रमांक दिले होते. १४ पर्यंतची पहिल्या गटात, ६० पर्यंतची मधल्या, पुढची शेवटच्या, आणि चंदनाला थेट १००. म्हणजे मूळ कल्पना वेळेचीच. आपल्याकडे वेळ दाखवायला क्रियापदांवरून साधलेली विशेषणं तयार आहेत, ‘उडता वास’, ‘खुलता वास’, ‘रेंगाळता वास’. ऐकणाऱ्याला कोश उघडावा लागत नाही, आणि बोलताना जीभही अडखळत नाही.

सुगंधासाठीच्या नामांपैकी एकाकडे थोडं थांबायला हवं, ते म्हणजे परिमळ. आपण तो कवितेत कुठेही शिंपडतो. अमरसिंहाच्या अमरकोशात, त्या जुन्या संस्कृत शब्दकोशात, मात्र त्याची व्याख्या काटेकोर आहे, ‘विमर्दोत्थे परिमलो गन्धे जनमनोहरे’. विमर्दातून, म्हणजे घासण्या-चोळण्यातून उठणारा, लोकांचं मन हरणारा गंध तो परिमल. लांबवर पसरणाऱ्यासाठी तिथे लगेच पुढे ‘आमोद’ हा वेगळा शब्द दिलाय. या हिशेबाने अंगाशी राहणाऱ्या अत्तराला परिमळ शोभतो, आणि ‘दरवळ’ किंवा ‘घमघमाट’ शोभत नाही, कारण ते दोन्ही खोलीभर होणारे. तेलातलं अत्तर ‘दिवसभर दरवळतं’ अशी जाहिरात दिसली की मला शंका येते, अत्तराबद्दल नाही तर लिहिणाऱ्याबद्दल. मनगटं एकमेकांवर घासू नयेत, रेणू चिरडतात, असंही सांगितलं जातं. रेणू असे चिरडत नाहीत. घासल्याने ऊब येते आणि उडता वास लवकर उडून जातो, एवढंच. ज्याला तो झणका नको असेल त्याने खुशाल घासावं, अमरसिंहाची हरकत नसावी.

अत्तर की सुगंधी तेल? अत्तर. शब्द अरबी ‘इत्र’वरून आलेला. काटेकोर अर्थाने फुलांचा वास वाफेवाटे चंदनतेलात उतरवलेला असेल तरच ते अत्तर, आणि जोजोबा वगैरे तेलात अर्क मिसळून केलेलं ते नव्हे, असं जाणकार म्हणतील. त्यांच्याशी बोलताना ‘तेलातलं मिश्रण’ असं सांगून टाकावं. पण ‘सुगंधी तेल’ म्हटलं की मराठी माणूस बाटली डोक्यावर उपडी करतो, म्हणून तो शब्द नकोच. सोबतचं क्रियापदही सांभाळा. अत्तर लावतात, सेंट मारतात, आणि जास्त झालं की दोन्ही फासलेली असतात.

राहिला ‘वास’. चारचौघांत बेलाशक म्हणा. वासाचा साबण आपण नाक न मुरडता घेतोच ना? बरा-वाईटपणा नामात नाही, क्रियापदात आहे. वास सुटतो तो चांगला, वास मारतो तो वाईट, आणि नुसता ‘येतो’ तो बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचा. लेखी मजकुरात चेहरा दिसत नाही, तेवढ्यापुरतं ‘छान’ जोडा. ‘सुवास’ वापरलात तरी बिघडत नाही, पण प्रत्येक वाक्यात आला की लग्नपत्रिकेसारखं वाटायला लागतं.